करडईच्या घाण्यासाठी हिस्सा देताना

लातूरहून औशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचा करडई तेलाचा लाकडी घाणा आहे. 2019 मध्ये दोन घाण्यांवर सुरू केलेला हा व्यवसाय 2024 च्या मार्चअखेर वर्षाला 62 लाखांच्या विक्रीपर्यंत पोचला होता आणि सगळा खर्च वजा जाता साडेसात लाख रुपये हाती राहत होते. मागणी त्याहून जास्त होती, पण डिसेंबरनंतर आमच्याकडे करडईच शिल्लक राहत नसे. करडई फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बाजारात येते आणि वर्षभर पुरेल एवढा माल त्याच दिवसांत रोख पैसे मोजून घ्यावा लागतो. क्विंटलला सहा हजारांच्या आसपास भाव धरला, तर पाचशे क्विंटलला तीस लाख रुपये एकदम लागतात. त्यापलीकडे आमची पोच नव्हती, म्हणून गुंतवणूकदारांकडे जायचे असे मी ठरवले.

पुण्यातील गुंतवणूकदारांच्या एका गटासमोर मांडणी करण्याची संधी सप्टेंबर 2024 मध्ये मिळाली. दहा मिनिटे बोलायचे आणि त्यानंतर प्रश्न, अशी पद्धत होती. मी घाण्याचे फोटो, पाच वर्षांच्या विक्रीचा तक्ता आणि तेलाच्या दोन बाटल्या घेऊन गेले होते. तेल दोन-तीन दिवस टाकीत निवळू दिल्याशिवाय आम्ही भरत नाही, हे मी फार आत्मीयतेने सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले, पण त्यांचे प्रश्न वेगळे होते. 62 लाखांत पेंडीचे किती, हा पहिला प्रश्न होता. एक क्विंटल करडईतून आमच्याकडे 26 किलोच्या आसपास तेल निघते आणि उरलेली पेंड जनावरांसाठी विकली जाते. ती विक्री जवळपास नऊ लाखांची होती आणि मी ती तेलाच्या विक्रीतच मिसळून दाखवली होती. आकडा खोटा नव्हता, पण मांडणी चुकीची होती. तेलाला जो भाव आणि वाढ मिळते ती पेंडीला मिळत नाही, त्यामुळे दोन्हींचा हिशेब वेगळाच दाखवायला हवा, हे मला तिथे उभ्या उभ्या समजले.

दुसरा प्रश्न होता, एकदा तेल नेलेले ग्राहक परत किती येतात. याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, पण उत्तर जिच्यात होते ती वही होती. घरी आल्यावर मी आणि माझ्या जाऊबाईंनी तेलाचे डाग पडलेली ती उधारी-जमेची वही दोन रात्री बसून चाळली. जानेवारी ते मार्च या तिमाहीत तेल नेलेल्या 312 घरांपैकी 187 घरांनी पुढच्या तीन महिन्यांत पुन्हा तेल नेले होते, म्हणजे शंभरातील साठ. मी पानांचे फोटो काढून पाठवले आणि माझ्या समजुतीप्रमाणे, पुढची बैठक त्या पानांमुळेच ठरली.

त्या बैठकीत करडईच्या भवितव्यावर बराच वेळ बोलणे झाले आणि तो प्रश्न मला मनापासून पटला. मराठवाड्यात सोयाबीन आणि हरभरा वाढत गेला तशी करडई मागे पडली. तिच्या काट्यांमुळे काढणीला मजूर मिळत नाहीत आणि काटे दवाने मऊ असतात तोवर, पहाटेच, काढणी उरकावी लागते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा परभणी कुसुम हा वाण पेरणारे चाळीस शेतकरी आमच्याशी जोडलेले आहेत, काढणी यंत्राने करून देण्याची जबाबदारी आम्ही घेतो आणि हमीभावाच्या खाली खरेदी करत नाही, एवढे मी सांगू शकले.

नोव्हेंबरमध्ये प्रस्ताव आला. त्यांच्यापैकी एक गुंतवणूकदार 40 लाख रुपये देणार होते आणि त्या बदल्यात 26 टक्के हिस्सा घेणार होते. माझा व्यवसाय एकल मालकीचा असल्याने आधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायची, नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल घ्यायचा आणि मग शेअर द्यायचे, असा क्रम होता. 40 लाखांना 26 टक्के म्हणजे पैसे आल्यानंतर कंपनीची किंमत सुमारे एक कोटी 54 लाख धरली होती. माझ्या मनात हीच किंमत कमी की जास्त हा एकच विचार होता. आमच्या सी. ए. साहेबांनी मात्र किमतीला हात न लावता मसुद्यातील दोन जागांवर पेन्सिलने खूण केली.

पहिली खूण 26 या आकड्यावर होती. कंपनी कायद्यानुसार विशेष ठराव मंजूर व्हायला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते बाजूने लागतात. त्यामुळे ज्याच्याकडे 25 टक्क्यांहून अधिक मते आहेत तो एकटा असा ठराव अडवू शकतो, आणि कंपनीची नियमावली बदलायलासुद्धा विशेष ठरावच लागतो. पंचवीस आणि सव्वीस यांत मला एका टक्क्याचा फरक दिसत होता, तो मुळात अधिकाराचा फरक होता. दुसरी खूण पाचव्या वर्षाच्या कलमावर होती. तोपर्यंत शेअरना दुसरा खरेदीदार मिळाला नाही, तर कंपनीने किंवा मी स्वतः ते वार्षिक 18 टक्के चक्रवाढ दराने परत घ्यायचे होते. साहेबांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. 40 लाखांचे पाच वर्षांनी साडेएक्क्याण्णव लाख होत होते. "ताई, हा हिस्साही जातोय आणि वर कर्जही होतंय," एवढेच ते म्हणाले.

घरी मी हे सगळे आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, समजावून सांगितले. त्यांनी आयुष्यभर रान बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याला कसायला, दिले आहे. त्यांनी विचारले, "बटईचं रान वरीस सरलं की आपल्याकडं येतंय. ह्ये कवा येणार?" या प्रश्नामुळे मी पुन्हा मुळापासून हिशेब मांडायला बसले. मागितलेल्या 40 लाखांपैकी 24 लाख जादा चारशे क्विंटल करडईसाठी होते आणि 16 लाख नवे घाणे, गाळणी यंत्र आणि भरणीच्या व्यवस्थेसाठी होते. करडईत घातलेला पैसा वर्षाच्या आत तेल विकून परत येतो. दर वर्षी फिरून येणाऱ्या या गरजेसाठी मी कायमचा हिस्सा द्यायला निघाले होते.

माल वखारीत ठेवून पावतीवर बँकेचे कर्ज मिळते हे आमच्याकडे आडतीवर सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते मी कधी स्वतःला लावून पाहिले नव्हते. जसजशी करडई सोडवून घाण्यावर आणायची तसतसे कर्ज फेडायचे, त्यामुळे 24 लाखांवर वर्षभरातील सरासरी शिल्लक निम्मी धरली, तर व्याज सव्वा लाखाच्या आसपास येत होते. विस्तारानंतर नफा पंधरा लाखांवर जाईल असे धरले, तर गुंतवणूकदाराकडून फक्त 16 लाख घेऊन 26 ऐवजी 12 टक्के दिल्याने वाचणाऱ्या 14 टक्क्यांचे दोन लाख दहा हजार होतात, आणि नफा वाढेल तसे तेही वाढतात.

मी गुंतवणूकदारांना लिहून कळवले की मला 16 लाखच हवेत, हिस्सा 12 टक्के देईन आणि पाचव्या वर्षाचे कलम वगळावे. पैसे येण्याआधीची कंपनीची त्यांनी धरलेली किंमत मी जवळपास तशीच ठेवली होती, म्हणून बोलणे तुटले नाही. तरीही पावणेदोन महिने गेले. त्यांनी कलम सोडले, पण मी हिस्सा विकायचा ठरवला तर घ्यायचा का हे आधी त्यांना विचारावे असा हक्क मागितला आणि दर तिमाहीला हिशेब मागितला. दोन्ही मागण्या मला रास्त वाटल्या. तेलाचे नाव माझ्या नावावर नोंदलेले होते, ते कंपनीच्या नावे करून देताना मात्र हात अडखळला. त्या रात्री मला झोप आली नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये सह्या झाल्या आणि मार्चमध्ये 110 क्विंटलची पहिली खेप वखारीत गेली. तिमाहीचा पहिला हिशेब मी जुलैमध्ये पाठवला आणि त्यात पेंडीच्या विक्रीसाठी वेगळा रकाना आखला आहे.