वेताळाच्या चपला

कॉमिक्समधला वेताळ, म्हणजे मूळचा अमेरिकन 'फँटम', आणि त्याची डायना यांचं जमलं १९३६ साली आणि लग्न झालं १९७७ साली. मधली एक्केचाळीस वर्षं तो जंगलात समुद्री चाच्यांना बुकलत राहिला आणि ती पुढे संयुक्त राष्ट्रसंघात नोकरीला लागली. आमच्याकडे एखादं लग्न इतकं रखडलं असतं तर दोन्हीकडच्या आत्यांनी एकमेकींचं तोंड बघणं सोडलं असतं. डायनाच्या आईला तर हा बुरखेवाला, पत्ता सांगता न येणारा जावई नकोच होता. ते मात्र अगदी आपल्याकडच्यासारखं.

लग्नाची बातमी सांगलीत आमच्यापर्यंत इंद्रजाल कॉमिक्समधून जरा उशिराच पोचली. टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी १९६४च्या मार्चमध्ये इंद्रजाल सुरू केलं होतं आणि ते मराठीतही निघायचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक काका पत्र्याच्या टपरीत पुस्तकं भाड्याने द्यायचे, कॉमिक्सला दिवसाला दहा पैसे. पैसे दादाचे, म्हणून आधी वाचणार दादा. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. जेवणाच्या ताटापाशी पुस्तक मांडीवर ठेवून त्याने तो लग्नाचा अंक संपवला, मिटला, माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, "संपला हा. आता भाज्या आणणार."

नाही आणल्या. १९७९ साली जुळी झाली, किट आणि हेलॉइज, तरी वेताळ कवटीच्या गुहेत होता तसाच राहिला. तेच दंड, तीच अंगठी. संपलो असलो तर आम्ही. दादा पुढे इंजिनिअरिंगला गेला, मी बँकेत लागलो, आणि १९९० साली इंद्रजाल बंद पडलं तेव्हा ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. आपण ज्याच्यावर जीव टाकला ते असं न कळता बंद पडतं, याची मला अजून थोडी लाज वाटते.

अलीकडे पुन्हा वाचायला लागलो आहे. भाचीच्या मुलीचं निमित्त. वाचताना एक हिशेब डोक्यात बसला आहे, तो काही केल्या निघत नाही. वेताळ अमर आहे असं जंगलातले लोक मानतात. खरं काय ते वाचकाला पहिल्यापासून माहीत: बाप मेला की मुलगा तेच कपडे चढवतो, बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून घेतलेली मूळ पुरुषाची शपथ पुन्हा घेतो, आणि चारशे वर्षं हेच चाललंय. आपला वेताळ एकविसावा. म्हणजे लेखक ली फॉकने वय वाढण्यावरचा उतारा गोष्टीच्या पायातच पुरून ठेवला होता. नायक म्हातारा झाला? बदला. पुढचा उभा करा. इतर कुठल्या सुपरहिरोकडे इतकी चोख सोय नव्हती.

आणि ती सोय कुणी वापरलीच नाही. रोजच्या वर्तमानपत्री चित्रपट्टीत १९३६ला एकविसावा होता, आजही एकविसावाच आहे. नव्वदीला टेकलेली ही पट्टी अजून चालू आहे, आणि ती जुळी, जी खरं तर आता पंचेचाळिशी ओलांडायला हवी होती, ती अजून शिकण्याच्याच वयात आहेत. घराला मागचं दार ठेवायचं, कुलूप घालायचं आणि किल्ली खुंटीला टांगून द्यायची, तसं हे.

बाकी सगळं मात्र बदललं. पहिल्याच गोष्टीत फॉकच्या मनात होतं की जिमी वेल्स नावाचा न्यूयॉर्कचा एक श्रीमंत, आळशी तरुणच बुरख्याआडचा माणूस निघावा. गोष्ट अर्ध्यावर असताना त्याचा बेत बदलला. त्याने नायकाला जंगलात नेलं, चारशे वर्षांची परंपरा दिली, आणि जिमी बिचारा कुठल्याशा पार्टीत उभा राहिला तो राहिलाच. फॉकच्या डोळ्यांपुढे वेताळाचे कपडे करडे होते. १९३९ साली रविवारची रंगीत पुरवणी सुरू झाली आणि छापखान्यातून वेताळ जांभळा होऊन बाहेर आला. स्वीडनमध्ये तो निळा, इटलीत लाल. जंगलात लपायचं तर या तिन्हींतला एकही रंग कामाचा नाही, पण वाचकाने कुठेच तक्रार केली नाही. चित्रकार रे मूर गेला, विल्सन मकॉय आला, मग १९६१पासून १९९४पर्यंत साय बॅरी. माझ्या डोक्यातला वेताळ बॅरीचा. मूरची जुनी चित्रं बघितली की मला वाटतं हा वेताळाचा चुलतभाऊ असावा, जरा आजारातून उठलेला.

आपल्याकडच्या आवृत्तीने तर गावच बदललं. वेताळाचा मूळचा देश बांगाला, तो इथे डेंकाली झाला. सिंग चाचे सिंगा चाचे झाले. वेताळाच्या बापाला मारणारा रामा, त्याचं रामालू झालं. कारण उघड आहे: बंगालशी नाव जुळणाऱ्या जंगलात सिंग आडनावाचे दरोडेखोर आणि रामा नावाचा खुनी, हे कुठल्या संपादकाने छापायचं? पेनाच्या तीन फटकाऱ्यांत भूगोल, जात आणि देव, तिन्ही सांभाळलं. तेवढ्यावरही न थांबता १९७६ साली त्यांनी आबिद सुरतींचा बहादूर आणला, भगवा कुर्ता आणि जीन्स घालून डाकूंच्या मागे लागणारा. दादाला बहादूर आवडायचा. मला वाटायचं याला बुरखा नाही, म्हणजे हा घरी जाऊन जेवत असणार.

परवा भाचीच्या मुलीने, वय वर्षं नऊ, माझ्या शेजारी बसून दहा पानं वाचली आणि विचारलं, "आजोबा, जंगलातले सगळे काळे, मग त्यांचा मेन माणूस गोरा का?"

आम्ही अख्खं लहानपण हा अंक मांडीवर घेऊन काढलं, पण हा प्रश्न आमच्या मनात आला नाही. जंगल आम्हाला दूरचं वाटायचं आणि वेताळ घरचा. खरं तर उलट असायला हवं होतं. तिला मी सांगितलं की पुढे फॉकलाही हे खटकलं असणार, कारण साठच्या दशकात त्याने त्या देशाला लामांडा लुआगा नावाचा काळा राष्ट्राध्यक्ष दिला, पेशाने डॉक्टर, आणि वेताळ त्याचा मित्र झाला. ती म्हणाली, "मग आता गोऱ्याचं काय काम?" मी म्हटलं, चहा करतो.

तरी नावाबद्दल मला इथल्या लोकांची पाठ थोपटावीशी वाटते. 'फँटम'ला भूत म्हणता आलं असतं, पिशाच्च म्हणता आलं असतं. वेताळ म्हटलं आणि माझ्यासारख्याचं काम झालं. माझं आजोळ वेंगुर्ला तालुक्यात, शिरोड्याच्या अलीकडे. तिथे आरवलीचा वेतोबा. उंचापुरा, राखणदार देव. रात्री तो गावाच्या वेशीवरून फिरतो, म्हणून त्याला नवसाला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात. एका चपलेत माझी दोन्ही पावलं मावून वर जागा उरायची. आजीने मला एकदा हात धरून त्या जोडांपाशी नेलं होतं. "रात्रभर फिरता तो. बघ, चपला झिजतत." मी वाकून तळवा बघितला. मला वाटलं की झिजलाय. नवी चपल, नवं चामडं, वासही गेला नव्हता. पण टाचेपाशी मला झीज दिसली, आजही दिसते.

चपल चांभाराने केली हे गावात कुणापासून लपलेलं नाही. ती झिजते तीही सगळ्यांच्या समोर. मग नवी येते. देव तोच. या सगळ्यात फसवलं कुणी कुणालाच नाही, सगळे मिळून एक गोष्ट सांभाळतात. जंगलात वेताळाच्या सगळ्यात जवळ असलेल्या बांडार टोळीचंही तेच. वेताळ मरतो हे त्यांना ठाऊक असतं आणि ते बाहेर बोलत नाहीत. वाचकही त्यांच्यातलाच. चित्रकार बदलला, रंग बदलला, देशाचं नाव बदललं, तरी आपण 'हा तोच' म्हणत पुढचं पान उलटतो. इतक्या वर्षांत वेताळाने वाचक धरून ठेवला म्हणतात. मला वाटतं गुपित सांभाळायला दिलं की माणूस सहसा सोडून जात नाही.

पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात, वाह्गी खोऱ्यात, टोळ्यांची भांडणं पुन्हा पेटली तेव्हा योद्ध्यांनी आपल्या ढालींवर वेताळाचं चित्र रंगवलं. तिथेही कॉमिक्स पोचलेलं होतं. मरत नाही असा माणूस ढालीवर असलेला बरा, इतका सरळ हिशेब. त्या ढाली आज संग्रहालयांत आहेत. मी फोटो बघितला, तर तो बुरखा, ते पट्टे, सगळं थेट. फक्त चेहऱ्यावरचा भाव आपल्या वेशीवरच्या देवासारखा.

अमेरिकेतल्या इतर मंडळींचं गुपिताशी इतकं जमलं नाही. तिथे सगळं चव्हाट्यावर. १९८८ साली बॅटमनचा दुसरा रॉबिन, म्हणजे त्याचा साथीदार, जेसन टॉड, जगवायचा की मारायचा हे वाचकांना फोन करून ठरवायला सांगितलं. ५,३४३ जण म्हणाले मारा, ५,२७१ म्हणाले जगू द्या. बहात्तर फोनांनी पोरगं गेलं. सुपरमॅनला १९९२मध्ये मारलं, लोकांनी रांगा लावून अंक घेतले, आणि वर्षाच्या आत तो परत आला. स्पायडरमॅनचं लग्न १९८७ साली लावलं आणि २००७ साली सैतानाशी सौदा करून झालंच नव्हतं असं ठरवलं. कोर्टाची पायरी न चढता! मला यातलं काही वाईट वाटत नाही, धंदा आहे. पण ते वाचक टिकवण्यासाठी बदलतात आणि बदललं की डंका वाजवतात. वेताळाचं लग्न एकदा झालं ते झालं, मोडलं नाही. तेवढ्यावर दादाची भाजीची शंका चुकीची ठरली.

तर परवाच्या दहा पानांवर येतो. ती पानं एका जुन्या अंकाच्या नव्या छापील पुस्तकातली होती, आणि ती गोष्ट मला पाठ होती. पाठ म्हणजे शेवटचं पान सोडून. टपरीवाल्या काकांकडच्या प्रतीत शेवटचं पान नव्हतंच. कुणीतरी मागची जाहिरात कापून घेतली होती आणि तिच्यासोबत शेवटही गेला होता. वेताळ लाकडी खांबाला बांधलेला, भरतीचं पाणी छातीपर्यंत आलेलं, आणि मग थेट पाठचं कव्हर. मी रडवेला झालो होतो. दादाने तेव्हा मला शेवट सांगितला, अंगणात, रात्री, दिवे गेलेले असताना: वेताळाचा पाळीव लांडगा पोहत येतो, पाण्याखाली बुडी मारून दोर कुरतडतो, श्वास संपतो म्हणून तीनदा वर येतो. तिसऱ्यांदा वर येतो तेव्हा त्याच्या तोंडात दोराचं टोक असतं. ते तीनदा वर येणं माझ्या अंगावर काटा आणायचं. पुढे शाळेत मी ही गोष्ट निदान दहा पोरांना सांगितली असेल.

नव्या पुस्तकात शेवटचं पान होतं. लांडगा कुठेच नाही. एक मचवा येतो, त्यातला कोळी सुरीने दोर कापतो, चार चौकटींत सगळं आटपतं. भाचीची मुलगी म्हणाली, "बरंय." मला काही ते पटेना. रात्री दादाला फोन लावला. तो आता अडुसष्ट वर्षांचा, नाशिकला असतो, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून घरातच. मी म्हटलं, अरे, तू सांगितलेलं काहीच नाहीये त्यात. लांडगा येतच नाही.

पलीकडे जरा वेळ शांतता. टीव्हीचा आवाज कमी केल्याचं ऐकू आलं.

"मग," तो म्हणाला, "त्यांनी नंतर बदललं असणार."