बार्लोचं हलणारं पातं: अखेर बुश बसला

बार्लो या जुन्या घडीच्या चाकूच्या पात्याची हालचाल थांबली. बोल्स्टर (मुठीच्या टोकाचा धातूचा भाग) ठोकून नाही, नुसती पिन बदलूनही नाही. टँगमध्ये (पात्याच्या मुठीतल्या, पिनेवर फिरणाऱ्या भागात) बुश, म्हणजे पिनेभोवतीची छोटी नळी, घातल्यावर थांबली. मागच्या नोंदीत आडवी हालचाल गेली होती, उभी तशीच होती, आणि पुढचा बेत किक (टँगच्या पोटाचा उंचवटा, बंद पातं त्यावर टेकतं) घासून बघायचा होता. किकला कानस लागलीच नाही. लागली असती तर चाकू कायमचा बिघडला असता. का, ते पुढे.

सगळा गोंधळ उभ्या हालचालीचा. पातं उघडून टोक धारेच्या आणि पाठीच्या दिशेने हलवलं की बोटाला बारीकसा 'टक्' लागायचा. आडवी हालचाल म्हणजे लायनर (मुठीच्या आतली धातूची पट्टी) आणि टँग यांच्यामध्ये फट. ती बोल्स्टरवर पिनेची डोकी पुन्हा ठोकली की जाते. उभ्या हालचालीला ठोकाठोकीचा काही उपयोग नाही. उघड्या स्थितीत मुठीच्या पाठीच्या स्प्रिंगने टँगवर दाब ठेवायचा असतो. तो दाब संपला की टँग मोकळा होतो. दाब संपण्याची कारणं तीन: स्प्रिंग बसली (तिचा ताण गेला), टँगची सपाट कड झिजली, किंवा पिन आणि भोक झिजून टँग स्प्रिंगपासून दूर सरकला. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात, त्यामुळे अंदाजाने काम करण्यात अर्थ नाही.

इथे डायल इंडिकेटर (बारीक फरक दाखवणारा घड्याळी मापक) कामाला येतो. लायनरच्या कडेवर शून्य लावायचं आणि स्प्रिंगच्या नाकावर (टँगला टेकणाऱ्या टोकावर) तिन्ही स्थितींत माप घ्यायचं. या चाकूची मापं अशी: उघडा असताना स्प्रिंग ०.२५ मिमी खाली, पातं अर्ध्यावर उघडं असताना ०.१५ खाली, बंद असताना ०.२५ खाली. एकाच स्थितीत स्प्रिंग खाली असती तर दोष टँगच्या त्या कडेचा. तिन्हींत खाली आहे म्हणजे अख्खा टँगच सरकलाय, किंवा स्प्रिंग बसली आहे. स्प्रिंगचा संशय फेडणं सोपं: पात्याची पिन काढल्यावर सुटी झालेली स्प्रिंग आतल्या बाजूला किती झुकते ते बघायचं. इथे ती चांगली दोन मिलिमीटर आत आली, म्हणजे तिच्यात जीव आहे. राहिले पिन आणि भोक.

पिन काढणं हेच मोठं काम. बोल्स्टर लोखंडी, पिन लोखंडी, आणि शंभर वर्षं घासून दोन्ही एकजीव. (टँगवर शेफील्ड या गावाच्या नावाबरोबर 'इंग्लंड' आहे. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली कायद्यानंतर, म्हणजे १८९१ पासून, तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव सक्तीचं झालं. त्यामुळे हा चाकू बहुधा त्यानंतरचा.) पिन शोधायला बोल्स्टर तेल काढून स्वच्छ पुसायचा आणि कापसाच्या बोळ्याने फेरिक क्लोराइडचं पातळ द्रावण एकदाच फिरवायचं. दोन लोखंडांवर आम्ल वेगवेगळं चढतं आणि पिनेचं वर्तुळ उमटतं. लगेच पाण्याने धुऊन उरलेलं आम्ल सोड्याने मारायचं. मग नेमक्या मध्यावर पंच, २ मिमीच्या ड्रिलने जेमतेम एक मिलिमीटर खोल, म्हणजे फुगलेलं डोकं तेवढं मोकळं होतं. भोक पाडलेल्या पोलादी ठोकळ्यावर ठेवून पिन पंचाने खाली. बार्लोचा लांब बोल्स्टर इथे उपकारच करतो: हाडाच्या पट्ट्या ठोक्यांपासून लांब राहतात आणि त्या न काढता काम होतं. स्प्रिंगच्या मधल्या आणि मागच्या पिनांना हातही लावलेला नाही.

निघालेली पिन एकाच बाजूने, स्प्रिंगकडच्या, ०.०६ झिजलेली. ते बरोबरच आहे. पिन फिरत नाही, आणि स्प्रिंग टँगला ढकलते ती नेहमी एकाच दिशेने. नवी २.३८ ची पिन घालून मापं घेतली तर स्प्रिंग तेवढीच, ०.०६ नेच वर आली. उरलेला दोष भोकाचा.

भोक कसं झिजतं हे एकदा नीट समजून घेतलं पाहिजे, पुढची सगळी दुरुस्ती त्यावर उभी आहे. पातं उघडं असताना स्प्रिंग टँगच्या पाठीला टेकते, अर्ध्यावर बुडाला, बंद असताना पोटाला. पात्याच्या बाजूला ती कधीच येत नाही, म्हणून भोकाची बुडाकडची अर्धी कमान झिजते आणि पात्याकडची कमान कारखान्यातून आली तशीच राहते. या टँगमध्ये बुडाकडची कमान ०.१६ ते ०.२१ मिमी सरकलेली, पात्याकडची मात्र स्वच्छ २.३८. म्हणजे मूळ केंद्र हरवलेलं नाही. पात्याकडच्या कमानीत ते शाबूत आहे.

सोपा मार्ग म्हणजे जाड, ३.१७ ची पिन. त्यासाठी बोल्स्टरची दोन्ही भोकंही मोठी करावी लागतात, आणि ड्रिल झिजलेल्या बाजूला ओढलं जातं. मग नवं केंद्र झिजलेल्या जागीच बसतं आणि मापं होती तिथेच. इतकं करून हाती काही नाही. जाड पिन हा झिजलेल्या भोकावरचा सरसकट इलाज म्हणून सुचवला जातो, तो निदान एकटा तरी पुरत नाही.

त्यामुळे बुश. टँगची रुंदी ८.५ मिमी. ४ मिमीचं भोक पाडल्यावर दोन्ही कडांना सव्वादोन मिलिमीटर धातू उरतो. दोनच्या खाली जायचं नाही. आधी कानस लावून टँग किती कडक आहे ते पाहायचं. कानस चावते, म्हणजे पाणी पात्यालाच दिलेलं आहे, टँग मऊ आहे. कानस घसरली असती तर कार्बाइडचं एंड मिल (सपाट टोकाचं कापणारं हत्यार) लागलं असतं.

केंद्र असं पकडलं: ड्रिल प्रेसच्या चकमध्ये २.३८ ची सरळ पिन, ती टँगच्या भोकात उतरवून पात्याकडच्या कमानीला हलकेच टेकवायची, आणि तशाच स्थितीत टँग क्लँपने जाम करायचा. मग टेबल न हलवता चकमधली पिन काढून ३.९ चं एंड मिल. साधं ड्रिल इथे चालत नाही. त्याचं टोक जुन्या भोकाच्या मोठ्या बाजूला पळतं, एंड मिल जिथे लावाल तिथेच उतरतं. शेवटी ४ मिमीचा रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार), हाताने, तेल घालून. पात्यावर जाड टेप आणि त्यावर लाकडी पट्टी. धारेचं टेंपर जाईल एवढी उष्णता इथे होत नाही, पण बोट कापायला वेळ लागत नाही.

बुश फॉस्फर ब्राँझचा. पितळी नळी सहज मिळते म्हणून बरेच जण तीच वापरतात. पण ती मऊ, आणि इथे रोजची घासाघास आहे. बाहेरून ३.९९, आतून २.४०. बुश टँगमध्ये घट्ट ठोकायचा नाही. तो दोन लायनरच्या मध्ये दाबला जातो आणि टँग त्याच्यावर फिरतो. म्हणून त्याची लांबी हीच खरी मख्खी. टँगची जाडी चारही कोपऱ्यांवर २.४५ आली (कोपऱ्यांत फरक असेल तर सर्वांत जाड कोपरा धरायचा), बुश २.४७५ ठेवला. जादा ठेवलेल्या पंचवीस मायक्रॉनमध्ये पातं मोकळं फिरतं. ही जागा जास्त झाली तर टोकाशी तिचा गुणाकार होतो: टँग ८.५ रुंद, पातं ७० लांब, म्हणजे आठपट. ०.०२५ ची फट टोकाला ०.२ होते आणि बोटाला कळत नाही. ०.१ ठेवली की टोक ०.८ हलणार आणि पुन्हा पहिले पाढे. लांबी उतरवायला काचेवर ६००चा पेपर, बुश एका सपाट ठोकळ्याच्या भोकात धरून, आकडा आठ काढत. मायक्रोमीटर नसेल तर हे काम हाती घेऊ नये. व्हर्निअरवर पंचवीस मायक्रॉन म्हणजे अंदाजपंचे. स्प्रिंगची जाडीही बघून ठेवायची. इथे ती २.४७, म्हणजे बुशच्या आतच आहे. स्प्रिंग बुशपेक्षा जाड असेल तर पिन ठोकताना बोल्स्टर आत वाकतो.

पिनेच्या तारेबद्दल एक तक्रार. पाकिटावर ३/३२ इंच, म्हणजे २.३८, आणि मायक्रोमीटरवर २.३१. फक्त छापील आकडा बघून तार घेतली तर पिनेची निम्मी झीज आपणच विकत आणतो. ड्रिल रॉडचा तुकडा वापरला असता तर माप चोख मिळालं असतं, पण तो ठोकायला कडक पडतो. शेवटी मऊ लोखंडी तार २.३८ चीच, दुसऱ्या ठिकाणची. निकल सिल्व्हर या बोल्स्टरला नको. (त्यात चांदी नसते, तांबं, निकल, जस्त.) लोखंडात तिचा पांढरा ठिपका जन्मभर दिसतो.

जोडणी: बोल्स्टरच्या भोकांना बाहेरून टेपर रीमरने किंचित फनेल (बाहेरच्या तोंडाशी रुंद होणारा उतार) द्यायचा, जुनं डोकं निघाल्यावर तो बराचसा असतोच. पातं उघड्या स्थितीत, टँग स्प्रिंगवर दाबून, निमुळत्या टोकाची तात्पुरती पिन आत, मग तिला ढकलत खरी पिन. दोन्ही बाजूंना व्यासाच्या निम्मी, म्हणजे १.२ मिमी, बाहेर ठेवायची. कमी ठेवली तर फनेल भरत नाही, जास्त ठेवली तर पिन वाकते. शंभर ग्रॅमची हातोडी, तोंड पॉलिश केलेलं, हलके ठोके, आधी मध्यावर मग कडेने गोल, दोन्ही बाजू आलटून पालटून. एरवी इथे प्रत्येक ठोक्यागणिक पातं फिरवून बघावं लागतं, पितळी शिम (पातळ पत्रा) घालावी लागते. बुश असला की ही धास्ती नाही, ठोका जाऊन बुशवर थांबतो. मग बारीक कानस, मग ३२०, ४००, ६००चा पेपर. एका बाजूला पिनेभोवती केसाएवढी काळी कडा दिसली. म्हणजे फनेल पूर्ण भरला नव्हता. पिन अजून पुरती सपाट झालेली नसताना ते दिसलं, म्हणून दोन ठोक्यांत भागलं.

आता मापं: उघडा ०.०२ खाली, बंद ०.०३ खाली, अर्ध्यावर ०.१२ वर. खटका कोरडा आणि भरीव, पातं अर्ध्यावर येऊन खिळल्यासारखं थांबतं. टोक हलवलं तर काही नाही. तो 'टक्' गेला.

आणि किक. बंद करताना धार स्प्रिंगवर आपटत होती, म्हणून किक झिजली असं वाटत होतं. धार आपटायचं आता थांबलंय, किकला हात न लावता. बंद स्थितीत किक हा टेकू, टँग एका बाजूला आणि टोक दुसऱ्या बाजूला. टँग स्प्रिंगपासून दूर सरकला की टोक तिच्याकडे झुकतं. टँग जागेवर आला आणि टोक उचललं गेलं. किक घासल्याने पातं आणखी खाली बसतं, म्हणजे बेत नेमका उलट्या दिशेचा होता. पिन आणि भोक तपासल्याशिवाय किकला कानस नको, घासलेला धातू परत येत नाही.

अर्ध्यावरचा ०.१२ चा उंचवटा घासायचा का? टँगचं बूड सपाट घासून तो घालवता येतो. पण त्या दोन कोपऱ्यांवरच अर्ध्याचा थांबा उभा आहे. कोपरे गोल झाले की थांबा मेला. शिवाय तिन्ही स्थितींत स्प्रिंग समतल ही आजच्या हौशी कारागिरांची अपेक्षा. रोजच्या वापरातल्या जुन्या शेफील्ड चाकूंत अर्ध्यावर थोडी वर आलेली स्प्रिंग काही नवल नाही. राहू दे.

बाकी किरकोळ. तांबडा गंज तेलात भिजवून तांब्याच्या पट्टीने खरवडला, पात्यावरची काळपट साय तशीच ठेवली. गंज काढायचं रासायनिक द्रावण वापरलेलं नाही. ते गंजाबरोबर सायही नेतं आणि मागे मेलेला राखाडी रंग ठेवतं. शिक्क्याजवळ पेपर नको. हाडाच्या डाव्या पट्टीत मागच्या पिनेपासून निघालेली भेग पातळ सायनोॲक्रिलेटने भरली, वर थेंबभर मिनरल ऑइल. खाण्याचं तेल हाडाला नको, ते चिकट होऊन वास मारतं.

पुढे दोन पात्यांचा पेनचाकू दुरुस्तीला घ्यायचा होता, त्यालाही हाच बुश. पण हे लिहिता लिहिताच त्याचा टँग मोजला: रुंदी ५.८, जाडी १.६. चार मिलिमीटरचं भोक पाडलं तर कडेला ०.९ उरतो, म्हणजे बाद. तीन मिमीचा बुश आणि १.६ ची पिन घेतली तर १.४ उरतो, तोही कमीच. तिथे दुसरा मार्ग बघतो: झिजलेल्या भोकात पोलादी गुडदी (भोक बुजवणारा तुकडा) चांदीच्या डाकाने बसवायची आणि पात्याकडच्या कमानीवरून केंद्र धरून मूळ मापाचंच भोक नव्याने पाडायचं. डाकाची उष्णता पात्यात जाऊ नये म्हणून पातं ओल्या चिंध्यांत गुंडाळून शिकंज्यात, पण एवढ्याशा पात्यात टँग आणि धार यांच्यामध्ये अंतरच किती! ते जमण्यासारखं नसेल तर मऊ डाक, फक्त गुडदी अडकून राहण्यापुरता.

त्याआधी त्याच्या मुठीचा निकाल लावायला हवा. ती सेल्युलॉइडची आहे आणि एका कोपऱ्यात लायनरवर हिरवट थर दिसतोय. सेल्युलॉइड कुजायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं, आणि शेजारच्या चाकूंचं पोलादही खातं. चाकू बाकीच्यांपासून वेगळा, उघड्या हवेत ठेवलाय. चामड्याच्या म्यानात तर मुळीच नाही. थर पुसल्यावर परत आला तर मूठ बदलायची, आणि मग पिना निघणारच असतील तर टँगचं कामही त्याच वेळी.