टाकीत पाणी होतं, मोटर बंद होती

बुधवारी सकाळच्या राउंडला मावशी खाटेवर पाय खाली सोडून बसल्या होत्या. वेणी घातलेली, पिशवी भरलेली. आदल्या दिवशी मी त्यांची थायरॉइड ग्रंथी पूर्ण काढली होती. बारा वर्षं वागवलेला गलगंड आता श्वासनलिका दाबायला लागला होता. आवाज स्वच्छ, जखम कोरडी, कॅल्शियम 8.6. मुलगा गाडी घेऊन आला होता. "मॅडम, कांदा काढणीला आलाय. सोडा मला."

डिस्चार्ज कार्ड लिहायला घेतलं, तेवढ्यात इंटर्नने दुसरा कागद हातात दिला. शस्त्रक्रियेनंतर चार तासांनी घेतलेल्या रक्तातलं पॅराथायरॉइड हॉर्मोन, म्हणजे पीटीएच: 5. आमच्या लॅबमध्ये 15 ते 65 पिकोग्रॅम नॉर्मल धरतात. शस्त्रक्रियेआधी मावशींचं 58 होतं.

मी पेन खाली ठेवलं.

रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी थायरॉइडच्या पाठीला चिकटलेल्या असतात. बहुधा चार, एकेक मसुराच्या दाण्याएवढी. थायरॉइड कितीही जपून सोडवली तरी त्यांचा रक्तपुरवठा दुखावू शकतो. मावशींच्या चारही मला दिसल्या होत्या. एक काळी पडली, ती बारीक चिरून मानेच्या स्नायूत रुजवली; तशी ग्रंथी कामाला लागायला काही आठवडे जातात. उरलेल्या तिघींचा रंग चांगला होता, म्हणून मी निश्चिंत होते.

पीटीएच रक्तात जेमतेम काही मिनिटं टिकतं. ग्रंथी थांबल्या की ते लगेच कोसळतं. कॅल्शियम मात्र सावकाश उतरतं, तळ गाठायला दोन ते चार दिवस घेतं. मुलाला मी म्हटलं, "विहिरीवरची मोटर बंद पडलीय, पण टाकीत कालचं पाणी आहे. आज नळ सोडला तर पाणी येणारच." त्याला चटकन समजलं. मावशी मात्र रुसल्या. पीटीएच कमी आलेल्या प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही, आणि बेडसाठी बाहेर माणसं थांबली होती. तरी मी ठाम राहिले. दोन वर्षांपूर्वी फक्त कॅल्शियम बघून मी एका मुलीला घरी पाठवलं होतं. तिसऱ्या रात्री झटके येत असताना तिला परत आणलं. ती वाचली, पण तिच्या आईचा चेहरा अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

मावशींना लगेच कॅल्शियमच्या गोळ्या आणि कॅल्सिट्रिऑल, म्हणजे ड जीवनसत्त्वाचं थेट काम करणारं रूप, सुरू केलं. कॅल्सिट्रिऑलचा जोर धरायला एखाद-दोन दिवस लागतात, म्हणून दर सहा तासांनी कॅल्शियम तपासायला सांगितलं. संध्याकाळी 7.9. रात्री 7.5, तेव्हा डोस वाढवला.

गुरुवारी पहाटे चारला सिस्टरचा फोन आला. मावशींच्या ओठांभोवती मुंग्या येत होत्या, आणि बीपीचा पट्टा फुगवून ठेवल्यावर हात वळायला लागला होता. मी धावत गेले. मनगट वाकलेलं, बोटं सरळ पण एकमेकींना चिकटलेली, अंगठा आत ओढलेला. कासाराने बांगड्या भरताना हात चेपून धरावा, अगदी तसा. मावशी घाबरून त्या हाताकडे बघत होत्या. "मॅडम, हा माझं ऐकत नाही."

कॅल्शियम 6.9. मॉनिटर लावून कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून अगदी हळू, दहा मिनिटं घेऊन दिलं; घाई केली तर हृदयाचे ठोके बिघडतात. मागोमाग त्याचीच ड्रिप लावली. मी त्यांचा हात हातात धरून बसले होते. आधी अंगठा सुटला, मग एकेक बोट.

त्यांचं गाव इथून सत्तर किलोमीटर. त्या वेळी त्या घरी असत्या तर, हे माझ्या मनात आलं, पण बोलले नाही. मुलगाच दारात उभा राहून म्हणाला, "टाकी संपली होती ना?"

रविवारी त्या घरी गेल्या. सहा आठवड्यांनी पीटीएच 24 आलं आणि मी गोळ्या कमी करायला घेतल्या. त्या दिवशी मावशींच्या दोन्ही हातांत नव्या हिरव्या बांगड्या होत्या.