दगडावरची दानपत्रं आणि इस्तंबूलचे आगा

माझं काम धर्मादाय ट्रस्टांचे हिशेब तपासण्याचं. देवळात गेले की आधी देणगीदारांचा फलक वाचायची सवय त्यातूनच लागली. भाची आर्मेनियात, येरेवानला मेडिकलला आहे. तिच्याकडे गेले असताना देबेद नदीच्या खोऱ्यातला हाघपातचा मठ पाहिला. दहाव्या शतकातला. लोक खोऱ्याचे फोटो काढत होते, मी मात्र भिंतीला नाक लावून उभी होते. कारण भिंती लेखांनी भरलेल्या आहेत आणि त्यातले पुष्कळ लेख चक्क दानपत्रं आहेत.

आर्मेनियन अक्षरं ठळक, कोनदार, एकमेकांत गुंतवलेली. जागा वाचवायला दोन-तीन अक्षरं एकाच दांडीवर कोरतात. देवाचं नाव तर दोनच अक्षरांत आटोपतात आणि वर आडवी रेघ देतात. ती रेघ संक्षेपाची खूण. आकडे वेगळे नाहीत, अक्षरांनाच किंमत आहे. आर्मेनियन शक इसवी सन 552 पासून सुरू होतो, म्हणून लेखातल्या वर्षात 551 मिळवायचे. एवढं कळल्यावर एका कोपऱ्यातली तीन अक्षरं मी स्वतः लावली, तेव्हा झालेला आनंद अजून ओसरलेला नाही.

या लेखांचा साचा साधारण ठरलेला. अमक्याने मठाला द्राक्षमळा दिला, गिरणी दिली, जमीन दिली. बदल्यात मठाने त्याच्या नावाने वर्षातून इतक्या मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी) म्हणायचं कबूल केलं. दिवसही नेमून दिलेले. शेवटी शाप: जो हे मोडेल त्याच्या वाट्याला बायबलमधल्या काइन आणि यहूदा या पाप्यांचं फळ येवो, निकियाच्या धर्मसभेतल्या 318 धर्मपित्यांचा शाप लागो. आपल्याकडे कोकणात शिलाहारांच्या गधेगाळी, म्हणजे दान मोडणाऱ्याला शाप कोरलेल्या शिळा, आहेत, तसंच हे. जिथे कोर्ट पोचत नाही तिथे शापाने राखण करायची.

सगळ्यात मोठा दस्तऐवज मात्र मला भाषांतरातच वाचायला मिळाला. अनी हे आर्मेनियन राज्याचं जुनं राजधानीचं शहर आज तुर्कस्तानात, सीमेला लागून आहे. तिथे तिग्रान होनेन्त्स या धनाढ्य माणसाने 1215 मध्ये सेंट ग्रेगरीच्या नावाने चर्च बांधलं आणि बाहेरच्या भिंतीवर सगळा व्यवहार कोरून ठेवला. जागा झुडपांची, कड्यावरची होती. ती स्वकष्टाच्या, सचोटीच्या पैशातून मूळ मालकांकडून विकत घेतली. भोवती तटबंदी घातली. मग दिलेल्या मालमत्तेची यादी: गावं, गावांतले हिस्से, गिरण्या, तेलाचा घाणा, दुकानं, स्नानगृह. पैसा कुठून आला, जमीन कुणाची होती, उत्पन्न कशातून येणार, तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका भिंतीवर! आज माझ्यासमोर येणाऱ्या कितीतरी फायलींत ती मिळत नाहीत. फलकावर नाव आणि रक्कम असते. देणगी कशासाठी, ते कुठेच नसतं.

येरेवानहून परतल्यावर हागोप बारोनियन हा आर्मेनियन उपहासलेखक वाचला (1843–1891). जन्म एदिर्नेचा, लेखन इस्तंबूलचं. 1863 मध्ये समाजाचं स्वतःचं संविधान आलं, त्यानंतर तिथल्या आर्मेनियन समाजाचा कारभार निवडलेल्या मंडळांकडे आला. प्रत्येक मोहल्ल्याचं आपलं चर्च, आपली शाळा, आपले पंच. बारोनियनने शहरातल्या या मोहल्ल्यांची सफर लिहिली आणि चिखलाच्या गल्ल्यांपासून पंचांपर्यंत सगळ्यांची झडती घेतली. जिवंत पुढाऱ्यांची शब्दचित्रंही काढली. ते धाडस मोठंच.

पण मला भिडली ती त्याची ‘आदरणीय भिकारी’ ही विनोदी कादंबरी. अबिसोघोम आगा (आगा म्हणजे शेटजी) हा काळ्या समुद्राकाठच्या ट्रॅबझॉनचा श्रीमंत गडी बायको शोधायला इस्तंबूलला येतो. उतरतो न उतरतो तोच संपादक, कवी, पाद्री, फोटोग्राफर, लग्न जमवणारी बाई, सगळे त्याच्या पैशांमागे लागतात. संपादक त्याच्या आगमनाची बातमी छापू पाहतो आणि आगाला त्याची हौसही आहे.

हसता हसता मला भिंतीवरचे लेख आठवत होते. नाव राहावं ही इच्छा तिग्रानचीही होती. फरक एवढाच, की तिग्रानच्या नावाखाली यादी आहे, आगाच्या नावाखाली काहीच नाही. बारोनियनचा राग त्यावर आहे. दान देण्याघेण्याची त्याला चीड नाही. त्या व्यवहारातून हिशेब गायब झाला, याची आहे. म्हणून मी त्याला मठातल्या लेखनिकांच्याच पंगतीला बसवते. स्वतः तो क्षयाने, हलाखीत गेला.

हाघपातला जाणार असाल तर ऊन कललं की भिंतीपाशी थांबा, तिरप्या उजेडात खोदकाम उठून दिसतं. इतक्या लांब जमत नसेल तर चेन्नईत सैदापेटला एक शिला आहे. ख्वाजा पेत्रुस वोस्कान या आर्मेनियन व्यापाऱ्याने 1726 मध्ये अड्यार नदीवर पूल बांधून दिला, त्याची. मजकूर फारसी, लॅटिन आणि आर्मेनियन भाषांत आहे. ती मी अजून पाहिलेली नाही. कुणी पाहिली असेल तर फोटो जरूर पाठवा, अक्षरं लावून बघायची आहेत.