पिंगळ्याचा फोटो काळाच का येत होता

आमच्या गावाबाहेर ओढ्याकाठी एक जुना आंबा आहे. त्याच्या ढोलीत पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडांची, जोडी राहते, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मला कळलं ते लांब पल्ल्याची लेन्स घेतल्यावर. पहिल्या संध्याकाळी दीडशे फोटो काढले. घरी संगणकावर उघडले तर मागचं आभाळ सुरेख आणि फांदीवर कोळशाचे दोन गोळे. आईनं डोकावून विचारलं, "कावळे का रे?"

फोटो उजळून पाहिले. आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत चढवलेली, त्यात जेपेग, म्हणजे आकसून साठवलेला फोटो. पिसांवर रवा सांडल्यासारखं दिसायला लागलं. मग कुठे डोक्यात उजेड पडला. कॅमेऱ्याला पिंगळा कळत नाही. समोरचा सगळा उजेड मोजून तो त्याची मधली करडी छटा करू बघतो. पिंगळा वीतभर, बाकी चौकट आभाळाची. आभाळ करडं करताना पक्षी काळा होणारच.

दुसऱ्या दिवशी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्यानं ठरवलेला उजेड आपल्या हातानं कमी-जास्त करायची सोय, +१ केलं, मग +१.७. पिवळे डोळे, पांढऱ्या भुवया, डोक्यावरचे ठिपके, सगळं आलं. आभाळ पांढरंफटक झालं, पण आभाळ बघायला कोण येणार होतं? रॉमध्ये, म्हणजे न आकसलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढायलाही त्याच दिवशी लागलो. त्याहून सोपा इलाज चार दिवसांनी सापडला: वीस पावलं डावीकडे सरकलो की पक्ष्यामागे आभाळाऐवजी खोड येतं.

एवढ्यानं शहाणा झालो असं वाटलं, तोच पडक्या वाड्यातलं गव्हाणी घुबड दिसलं. कोनाडा अंधारा, पक्षी पांढरा, आणि माझ्या कॅमेऱ्यात कालचं +१.७ तसंच राहिलेलं. बदामाच्या आकाराचा तो चेहरा म्हणजे नुसती चिनी मातीची बशी! तिथे −१ लागत होतं. पांढरा भाग एकदा जळाला की रॉमधूनही परत येत नाही. तेव्हापासून जागा बदलली की आधी एक चाचणीचा फोटो काढतो आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या काळ्या-उजळ भागांचा आलेख, बघतो. आलेख उजव्या भिंतीला चिकटला असेल तर उजेड कमी करतो. नुसत्या स्क्रीनवर विसंबत नाही; तिन्हीसांजेला अंधारात ती इतकी झगझगीत दिसते की काळा फोटोही छान वाटतो.

शटरचा वेग १/२०० सेकंदाच्या खाली नेत नाही. पिंगळा बसल्या जागी मान वरखाली करत असतो, त्यात चेहरा हलतो. फ्लॅश वापरत नाही. एकदा मात्र कुणाच्या तरी सांगण्यावरून मोबाइलवर पिंगळ्याचा आवाज लावला. जोडी या फांदीवरून त्या फांदीवर उडत राहिली, अंधार पडेपर्यंत ढोलीकडे फिरकली नाही. लाज वाटली. पुन्हा लावला नाही. आंबा नेमका कुठला, हेही कुणाला सांगत नाही. दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे फिरतात.

थंडीत सकाळी ऊन खायला दोघं ढोलीच्या तोंडाशी येतात. कोवळा, तिरका उजेड, मागे खोड, कॉम्पेन्सेशन शून्य. तो फोटो आईला दाखवला. तिनं चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"एवढा रागावलाय कशानं?"