दोन स्टार आणि 6205

‘पूर्ण नाव कशाला टाकतेस गं, दोन्ही बाजूला स्टार लाव आणि मधे फक्त 6205 टाक.’

स्टोअरमधले काका मागून बोलले तेव्हा मी सॅपमध्ये, म्हणजे कंपनीच्या स्टॉकच्या सॉफ्टवेअरमध्ये, नवीन मटेरियल कोडची (वस्तूच्या नोंद-क्रमांकाची) रिक्वेस्ट टाकणारच होते, कारण ‘बॉल बेअरिंग 6205’ सर्च केलं तर काहीच येत नव्हतं.

*6205* टाकलं, म्हणजे नंबरच्या मागेपुढे काहीही लिहिलेलं असलं तरी सापडेल, आणि तीन कोड आले. एकात बेअरिंगचं नुसतं ‘बीआरजी’, एकात ‘बेअरिंग बॉल’, एकात स्पेलिंगच चुकलेलं. वस्तू तीच, 25 मिमी बोअरची (आतल्या भोकाची), आणि रॅकवर चौदा नग पडून!

काका म्हणाले, नाव टाकणारा माणूस बदलतो, नंबर बेअरिंगवरच कोरलेला असतो.

तेव्हापासून तेच डोक्यात आहे, आपण आपल्या मनातलं नाव शोधत बसतो, एंट्री करणाऱ्याने काय टाइप केलं असेल ते बघतच नाही. तुमच्याकडे एकाच वस्तूचे किती कोड आहेत?