उजवा दात, डावा खळगा

बाई निवृत्त शिक्षिका. वरचा समोरचा उजवा दात हिरडीलगत मोडला होता. कॅप आणि तिला मुळात धरून ठेवणारी पोस्ट, म्हणजे खिळी, हातरुमालात बांधून घेऊन आल्या. जबड्यात उरलं होतं ते नुसतं मूळ. शेजारचा डावा दात सात वर्षांपूर्वी मीच काढलेला. तिथे त्या काढता-घालता येणारा दात वापरायच्या. तो त्यांनी काढून ट्रेमध्ये ठेवला आणि माझंच जुनं काम समोर आलं. ओठाकडून हिरडी आत बसलेली, ओल्या मातीत अंगठा दाबावा तशी.

सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे, केला. डावीकडे हाडाची रुंदी हिरडीकडच्या काठाजवळ साडेतीन मिलिमीटर. इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचा कृत्रिम मुळाचा स्क्रू, बारीकातला घेतला तरी जवळपास तेवढ्याच जाडीचा असतो, मग त्याच्या पुढेमागे हाड उरणार कुठून? उजवीकडे मूळ जागेवर होतं म्हणून रुंदी शाबूत. फक्त ओठाकडची भिंत पापुद्र्यासारखी, एक मिलिमीटरसुद्धा नाही. वरच्या समोरच्या दातांना ती बहुतेकांची एवढीच असते. आणि तिचा काठाकडचा भाग दाताच्या जिवावरच जगतो. मुळाला बांधून ठेवणारे तंतू त्यात रुतलेले असतात, रक्तही बरंचसं तिथूनच येतं. दात गेला की ते हाड विरघळायला लागतं.

आमच्याकडे शाबासकी मिळायची ती दात पटकन काढल्याबद्दल. फोर्सेप्सच्या चिमट्यात दात धरा, ओठाकडे रेटा, टाळूकडे रेटा, सॉकेट म्हणजे दाताचा हाडातला खळगा सैल करा. सैल करायचं म्हणजे तीच पातळ भिंत वाकवायची, हे कुणी बोलून दाखवत नसे. शेवटी दोन बोटांनी सॉकेट दाबायचं, हे तर शिकवलंच जायचं. आजही किती मिनिटांत दात काढला हे सांगणारे मित्र मला आहेत. किती हाड शिल्लक ठेवलं हे सांगणारा एकही नाही.

या वेळी फोर्सेप्स शेवटपर्यंत उचलला नाही. हिरडी उघडली नाही, कारण ती हाडापासून सोलली की भिंतीचा बाहेरचा रक्तपुरवठाही काही काळ तुटतो. पेरिओटोमचं पातळ पातं मूळ आणि हाड यांच्या फटीत घातलं, टाळूकडून आणि दोन्ही बाजूंनी. ओठाकडून एकदाही नाही. दाबून धरायचं, मनात वीसपर्यंत मोजायचं, केसभर आत सरकायचं. मुळाभोवती रक्ताची बारीक कड आली की समजायचं, तंतू तुटताहेत. अर्ध्या तासानंतर सहायक मुलगी या पायावरून त्या पायावर व्हायला लागली. पाऊण तासाने मूळ जरासं फिरलं. मग फोर्सेप्सने नुसतं फिरवत, कुठेही न रेटता, बाहेर घेतलं. प्रोबची बारीक सळई आतून भिंतीवर वरपासून खालपर्यंत फिरवला. सगळीकडे टणक लागलं. मास्कच्या आत मी हसले, खोटं कशाला बोलू!

इम्प्लांट टाळूकडच्या बाजूला कलता बसवला. पुढे दोन मिलिमीटर फट मुद्दाम ठेवली आणि ग्राफ्टच्या, म्हणजे हाडाच्या जागी भरायच्या, दाण्यांनी भरली. इम्प्लांट लगेच बसवला की हाड आपोआप टिकतं, ही जाहिरातीतली गोष्ट. ती भिंत इम्प्लांट असूनही झिजते; दाण्यांमुळे आकार बराचसा टिकतो, इतकंच. हे दाणे पुष्कळदा गुरांच्या हाडातलं खनिज असतात, ते आधी सांगून संमती घ्यावी लागते. सगळेच सांगतात असं नाही.

घरी जाण्याआधी आरशात बघत बाईंनी विचारलं, "डावीकडे तेव्हा असं का नाही केलंत?"

"तेव्हा तुम्ही इम्प्लांट नको म्हणाला होतात."

"इम्प्लांट नको म्हणाले होते. हाडाचं मला कुठे विचारलं होतंत?"

संध्याकाळी जुना केसपेपर काढला. माझ्याच अक्षरात एक ओळ : दात काढला, तीन महिन्यांनी कृत्रिम दाताचं बघू. तीन महिने! दाढा-उपदाढांवरचा 2003 सालचा एक अभ्यास मी तोवर वाचलेला होता. वर्षभरात रुंदी जवळपास निम्मी होते, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच. इम्प्लांट करायचा नसला तरी सॉकेट भरून ठेवता आलं असतं. त्या दिवशी बाहेर किती पेशंट बसले होते ते आठवत नाही. बसले असणारच.

आता डावीकडे आधी हाड वाढवावं लागेल, मग पाच-सहा महिने थांबायचं, मग इम्प्लांट. बाईंना कागदावर चित्र काढून समजावलं. टाके काढायला आल्या तेव्हा तो कागद त्यांच्या पर्समध्ये घडी करून ठेवलेला होता. उजवीकडची हिरडी छान भरली होती. मी ती दाखवत होते आणि त्या आरशात डावीकडे बघत होत्या.